स्वयंपाकघरातली आग आणि घरातली खबरदारी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परत आले नाहीत, त्यांच्या आठवणीचा हा आठवडा. आमच्या अपार्टमेंटच्या आवारात त्या निमित्ताने प्रात्यक्षिक झालं. नंतर बचत गटात, लग्नघरी, भाजी निवडताना बायका जे विचारत राहिल्या ते मी वहीत टिपून ठेवलं. खालचे प्रश्न त्या वहीतले आहेत.

स्वयंपाकघरात आग लागते ती सिलिंडर फुटल्यानेच ना?

बातमी सिलिंडरची होते, म्हणून तसं वाटतं. ओट्यावरची आग बहुतेक वेळा फार साधेपणाने सुरू होते: शेगडी चालू आहे आणि शेगडीपाशी कोणी नाही. आपल्या गावात शेगडी सोडून जायला एक खास कारणही आहे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, वेळेचा भरवसा नसतो. बोळात कुणीतरी ओरडतं, "पाणी आलं!" की हातातलं सगळं टाकून माणूस पिंपाकडे धावतं.

मीही धावले होते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकलीचं तेल तापत ठेवलं होतं. एक पिंप भरून पाइप दुसऱ्यात सोडला आणि परत आले, तर कढईवर निळसर धूर. मी बघता बघता तेलाने पेट घेतला. मी तांब्याभर पाणी उचललं. सासूबाईंनी माझा हात धरला, शेगडीचं बटण बंद केलं आणि शेजारची परात कढईवर पालथी घातली. आग गेली. भिंतीला काळा पट्टा राहिला, तो पुढच्या रंगकामापर्यंत होता.

तेव्हापासून घरात ठरलेलं आहे: पाणी आलं की आधी बटण, मग पिंप. भरून वाहिलं तरी चालेल.

तेलाने पेट घेतला तर पाणी का नाही टाकायचं? आगीवर पाणीच टाकतात की!

लाकडाच्या, कागदाच्या, कपड्याच्या आगीवर टाकतात. तेलाची गोष्ट वेगळी आहे. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. पेटलेलं तेल साधारण ३५० अंशांच्या आसपास असतं आणि पाण्याला उकळायला १०० अंश पुरतात. तळाशी गेलेल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. ही वाफ वरचं जळतं तेल घेऊनच उसळते. कढईपुरती असलेली आग छतापर्यंत, तुमच्या तोंडापर्यंत, पडद्यापर्यंत पोचते. प्रात्यक्षिकात जवानाने लांब दांड्याच्या पळीने वाटीभर पाणी टाकून दाखवलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका खुर्च्यांसकट मागे सरकल्या.

करायचं ते एवढंच. हाताला झळ न लागता पोचता येत असेल तर बटण बंद करा. ताट, परात, झाकण, जे कढईपेक्षा मोठं आणि धातूचं असेल ते स्वतःच्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवा, म्हणजे ज्योत तुमच्या अंगावर येत नाही. आणि मग झाकण उघडून बघू नका. तेल अजून तितकंच तापलेलं असतं, हवा लागली की पुन्हा पेटतं. अर्धा तास तरी हात लावू नका.

पेटलेली कढई उचलून मोरीत किंवा अंगणात न्यायची हा आणखी एक घात. दोन पावलांत तेल हिंदकळतं, हात भाजतो आणि कढई जिथे सुटायला नको तिथे सुटते.

मग पीठ टाकावं का? आमच्या आत्या राख टाकायच्या.

आत्यांचं राखेचं बरोबर होतं, राख जळत नाही. पीठ जळतं. गव्हाचं, ज्वारीचं, बेसन, कुठलंही पीठ ज्योतीवर उधळलं तर हवेतले कण भपकन पेट घेतात. बारीक आगीवर खाण्याचा सोडा किंवा मीठ मूठ-मूठ टाकता येतं, पण कढईभर आगीला डबाभर सोडा लागेल, तो कुणाच्या घरात असतो? झाकण सगळ्यांकडे असतं. तळण करताना ते आधीच ओट्यावर काढून ठेवायची सवय लावा.

झाकण मिळालंच नाही तर ओलं फडकं?

जाड सुती, आणि घट्ट पिळलेलं. थेंब गळत असतील तर पुन्हा वरच्या वाफेचीच गोष्ट. नायलॉनचा, पॉलिस्टरचा टॉवेल नको, तो वितळून चिकटतो.

आम्ही घरीच कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतो. वेगळी काळजी काय?

हा प्रश्न सोलापुरातच येणार. आणि धोका खरंच वेगळा आहे, कारण तुमची शेगडी तासन्‌तास चालते.

कडक भाकरी मंद आचेवर बराच वेळ राहते, तिच्याकडे सतत बघावं लागत नाही, आणि घात तिथेच होतो. मंद ज्योत खिडकीच्या वाऱ्याने विझली तर गॅस मात्र येतच राहतो. तव्यापाशी स्टूल टाकून बसा, तिथेच पॅकिंग करा, पण जागा सोडू नका. भाकरीचे पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकच्या पिशव्या, लेबलं ओट्याखाली रचलेली मी पाहिली आहेत. खाली सिलिंडर, शेजारी पुठ्ठे! ते दुसऱ्या खोलीत हलवा.

शेंगदाणे भाजताना उडालेली टरफलं बर्नरभोवती साठतात, ती रोज झाडून काढा. चटणीचा तेलकट थर भिंतीवर, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि चिमणीच्या जाळीत बसतो. खालची ज्योत उसळली की पहिल्यांदा पेट घेतो तो हाच थर. धंद्याचं स्वयंपाकघर असेल तर जाळी आठवड्याला गरम पाणी आणि सोड्याने धुवावी, घरापुरतं असेल तर पंधरवड्याला चालेल.

आणि एक नको असलेली गोष्ट सांगते: धंद्यासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणं नियमात बसत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. महाग पडतो, मान्य. पण मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेण्याचा जो उद्योग कुठे कुठे चालतो, त्याच्या जवळपासही फिरकू नका.

गॅसचा वास आला तर पहिलं काय?

पहिलं, हात आवरा. आपला हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे जातो. बटण चालू करताना आणि बंद करतानाही आत बारीक ठिणगी पडते. म्हणून जे चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. पंखा लावून गॅस घालवायचा विचार तर अजिबात नको.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, मोरीच्या पाइपात साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेटायला पुरतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं सताड उघडा. समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल विझवा. शेगडीची बटणं बंद, मग रेग्युलेटर बंद. तरीही सिलिंडरच्या तोंडातून फसफस येत असेल तर रेग्युलेटर काढून दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवा. ती टोपी बऱ्याच घरांत सिलिंडर आला त्या दिवशीच कचऱ्यात जाते. जाऊ देऊ नका.

मग सगळे बाहेर, आणि बाहेर आल्यावरच फोन. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

मूळ गॅसला वास नसतो, तो कळावा म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. सर्दी झालेल्याला आणि वय झालेल्यांना हा वास लवकर कळत नाही. सासूबाई एकट्या घरी असतील तर मी आता रेग्युलेटर बंद करूनच बाहेर पडते.

गळती आहे का हे काडी ओढून बघतात ना?

नाही! साबणाचा फेस रेग्युलेटरला आणि नळीच्या सांध्यांना लावा. बुडबुडे आले की गळती. सिलिंडर घरी आणणाऱ्याने वजन आणि गळती तपासून द्यायची असते. तुम्ही मागितलंत तर तो देतो, आपण मागत नाही एवढंच. झडपेच्या आतला रबरी वायसर फाटलेला असेल तर तिथेच सिलिंडर बदलून घ्या.

सिलिंडरच्या तोंडाशीच ज्योत लागली तर तो फुटेल का?

लगेच फुटत नाही. सिलिंडर जाड पोलादाचा असतो, आणि तोंडाशी जळणारा गॅस बाहेर येऊन जळत असतो. ज्योतीच्या उलट बाजूने, हाताला ओलं जाड कापड गुंडाळून रेग्युलेटरचं बटण फिरवता आलं तर ज्योत आपोआप मरते. जमत नसेल तर हट्ट करू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ लावा. गॅस बंद न करता नुसती ज्योत विझवली तर गॅस खोलीभर पसरतो, आणि ते जळत्या ज्योतीपेक्षा वाईट. सिलिंडरच आजूबाजूच्या आगीत सापडला असेल तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, लांब जायचं. फुटतात ते असे तापलेले सिलिंडर.

नळी किती वर्षांनी बदलायची? दिसायला तर नवी आहे.

दिसण्यावर जाऊ नका. आत तारेची जाळी असलेली केशरी 'सुरक्षा' नळी घ्या, आयएसआय शिक्का बघून, एजन्सीतून. तिच्यावर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, साधारण पाच वर्षं. लांबी दीड मीटरच्या आत. नळी भिंतीतून किंवा फरशीखालून नेऊ नका, उंदराने कुरतडलेली कळणार नाही. तिच्यावर कापडी किंवा प्लॅस्टिकचं कव्हर चढवण्याची हौस असते, त्याने भेग झाकली जाते.

सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा वर. कपाटात ठेवत असाल तर कपाटाला खालून आणि वरून हवा जायला जागा हवी.

सिलिंडरच्या गळ्याशी इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, तो कशाचा?

पुढच्या चाचणीचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. 'बी-२८' असेल तर जून २०२८ पर्यंत चालेल. तारीख उलटलेला आला तर परत पाठवा.

गॅसची भीती नको म्हणून इंडक्शन घेतलं. आता तर आग लागणार नाही ना?

ज्योत गेली, पण वायर आली. २००० वॉटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. ते लहान ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा शंभर रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डात लावलं की आतली पट्टी तापते, पिवळी पडते, करपल्याचा वास येतो. हा वास माशांचा वाटतो असं बऱ्याच जणी सांगतात. तसा वास आला की मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. इंडक्शन, गीझर, एसी यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, हवा. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर करंट गळताच वीज तुटते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. कूलर, फ्रिज, पंखे दिवसभर चालतात आणि जुन्या वाड्यांतली वायरिंग त्या भारासाठी घातलेलीच नव्हती. एमसीबी सारखा पडत असेल तर मोठ्या आकड्याचा एमसीबी बसवून प्रश्न सोडवू नका. तो बिचारा वायर वाचवत असतो.

विजेच्या आगीवरही पाणी नको, आधी मेन बंद.

देवघर स्वयंपाकघरातच आहे.

बहुतेकांचं असतंच. समई पितळी ताटात ठेवा, वर पडदा किंवा प्लॅस्टिकचं तोरण नको, आणि झोपताना तेवत ठेवायची असेल तर वात लहान. कापराची डबी शेगडीपासून दूर.

घरातच माग आहेत. पूर्व भागात बहुतेकांचं असंच आहे. काय बघावं?

खाली माग, वर बिऱ्हाड, जिन्यात सुताचे कोन. एवढं सांगितलं तरी कुठे अडेल ते तुमच्या लक्षात येईल. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ जण गेले, लहान मूलही त्यांत होतं. लोक त्याच इमारतीत राहत होते. सूत आणि टॉवेल पेटले की धूर किती लवकर भरतो हे त्या दिवसानंतर या शहरात कुणाला समजावून सांगावं लागू नये, तरी जिने अजून तसेच आहेत.

जिना मोकळा ठेवा, हे बाकी सगळ्याच्या आधी. मागांवर, मोटारीवर आणि बोर्डावर बसलेली सुताची रुई रोज काढा, ती ठिणगीला कापरासारखी पेटते. मागांची आणि घराची वीज वेगळ्या एमसीबीवर. माग चालू असलेल्या खोलीत शेगडी नको, बिडीकाडी तर नकोच. बिड्या वळणाऱ्या घरांत तंबाखू आणि कात्रणाची टोपली चुलीपासून लांब ठेवायची.

रात्री झोपताना खालच्या शटरला बाहेरून कुलूप लावू नका.

खिडक्यांना ग्रिल आहे, दार एकच. धूर भरला तर बाहेर कसं पडायचं?

वाकून. धूर वर साचतो, फरशीलगत थोडी बरी हवा असते. तोंडाला ओलं फडकं धरा. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, तापलं असेल तर उघडू नका. फटीत ओले कपडे कोंबा, खिडकीशी जाऊन ओरडा, रंगीत कापड हलवा. लिफ्ट वापरायची नाही.

ग्रिलच्या एका भागाला बिजागरी आणि कुलूप बसवून घ्या, वेल्डरचं तासाभराचं काम. किल्ली खिडकीशेजारी खिळ्याला, आणि घरातल्या पोराटोरांनाही ती माहीत हवी. चोराच्या भीतीने किल्ली कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत.

अंगावरच्या साडीने पेट घेतला तर?

पळू नका, पळाल्याने वारा लागतो. जमिनीवर पडा, चेहरा हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्या कुणी असेल तर त्याने जाड सुती चादर मानेपासून खाली टाकून आवळावी. आपली सोलापुरी चादर जाड, सुती आणि घरोघरी घडी घालून ठेवलेली, ती इथे फार उपयोगी पडते. ज्योत विझली की भरपूर पाणी. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही.

तळताना पदर खोचा. जॉर्जेट, नायलॉन, सैल बाह्यांचे गाऊन यांपेक्षा सुती बरं.

भाजलं तर हळद, तूप की टूथपेस्ट?

तिन्ही नको. शाई, बटाट्याचा कीस, बर्फही नको. साधं पाणी, वीस मिनिटं, सलग. नळाला पाणी नसलं तर पिंपातून तांब्या-तांब्याने घाला, पण वीस मिनिटं पूर्ण करा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तळहातापेक्षा मोठी जखम असेल किंवा धूर छातीत गेला असेल तर १०८ ला फोन करून थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय.

अग्निशामक सिलिंडर घरी ठेवावा का?

परवडत असेल तर दोन किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींसाठीचा) ठेवा, दाराजवळ. शेगडीच्या वर टांगला तर आगीतून हात घालून काढावा लागेल. तो आठ-दहा सेकंदच चालतो, म्हणून पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडी दाबायची आणि डावीकडून उजवीकडे फिरवायची, हे आधीच तोंडपाठ हवं. कढईच्या तेलावर जवळून मारू नका, जोराने तेल उडतं. काटा हिरव्यात आहे का ते सणासुदीला बघा.

अपार्टमेंटची यंत्रणा सोसायटीनेच बघायची ना?

हो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा दाखला अग्निशमन विभागाला द्यायचा असतो, त्याला फॉर्म बी म्हणतात. सभेत विचारून बघा. आमच्या सभेत विचारलं तेव्हा नळीची पेटी उघडली, आत कुणाचा तरी झाडू होता.

१०१ ला फोन केल्यावर काय सांगायचं?

घाबरून "आग लागलीय, लवकर या" म्हणून लोक फोन ठेवतात. पेठ, रस्ता, जवळची खूण, कितवा मजला, काय जळतंय, आत कोणी आहे का, हे सांगा आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय ठेवू नका. १०१ लागला नाही तर ११२. बोळ अरुंद असेल तर एका माणसाला कोपऱ्यावर उभं करा आणि गाडी वळायच्या जागेतल्या दुचाक्या पोरांकडून हलवून घ्या.

गॅसने नुकसान झालं तर भरपाई मिळते म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. तेल कंपन्या विमा काढतात. त्यात एलपीजीमुळे झालेल्या अपघातात मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत तरतूद आहे. एजन्सीला लगेच लेखी कळवायचं, पुढे कंपनीला आणि विमा कंपनीला कळवणं एजन्सीचं काम. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, दवाखान्याची बिलं जपून ठेवा.

घर बदललं आणि गॅसच्या पुस्तकावर पत्ता जुनाच राहिला, तर मालमत्तेच्या दाव्यात अडचण येते. भाड्याने राहणाऱ्यांनी आजच पुस्तक काढून बघा.